सहा जणी एकदम बोलतात तेव्हा

पन्नाशीचा वाढदिवस आणि सहा जुन्या मैत्रिणींची दोन दिवसांची सहल. एवढ्या एका ओळीवर विनोदी सिनेमा उभा राहतो आणि पुष्कळदा तिथेच बसतो. गाडी पंक्चर होते, खोलीत पाल निघते, कुणीतरी शेतातल्या पाटात घसरून पडतं. पहिली वीस मिनिटं प्रेक्षक हसतो. मग त्याच्या लक्षात येतं की हे कुणाच्याही सहलीत झालं असतं. याच सहा जणींच्या सहलीत काय झालं असतं, ते लिहिणाऱ्याने ठरवलेलंच नसतं.

अमेरिकन विनोदी अभिनेत्री एमी पोहलरने दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा, २०१९ चा ‘वाइन कंट्री’, याच वळणाचा आहे. सहा मैत्रिणी, पन्नासावा वाढदिवस, कॅलिफोर्नियातलं नापा खोरं. कल्पना खऱ्या सहलीतून आलेली: त्यात काम करणाऱ्या रेचल ड्रॅचच्या पन्नाशीला यातल्या अभिनेत्री खरोखरच नापाला गेल्या होत्या. त्यात मोठं असं फार काही घडत नाही. बायका बोलतात, एकमेकींचं वाक्य तोडतात आणि मध्येच कुणाचं तरी दाबून ठेवलेलं बाहेर येतं. खान्देशात असा सिनेमा करायचा तर द्राक्षांच्या जागी केळी आणि वाइनच्या जागी भरीत ठेवून भागत नाही. पकडायचं ते बोलणं. सहा जणींचं एकाच वेळचं बोलणं लिहिता आलं, स्वच्छ रेकॉर्ड करता आलं आणि एडिटला कापता आलं, की निम्मा सिनेमा झाला. कॅमेरा कोणता घ्यायचा याची चर्चा त्यानंतर.

आधी वही

सहा जणींच्या जोड्या होतात पंधरा. पाच जणी घेतल्या तर दहा, चार घेतल्या तर सहाच. पटकथेला हात लावण्याआधी या पंधरा जोड्या वहीत मांडायच्या आणि प्रत्येकीपुढे एकच ओळ लिहायची: कुणाचं कुणाकडे काय बाकी आहे? पैसे, माफी, एखादी साडी, एखादं गुपित. ‘होस्टेलला असताना हिची चिठ्ठी तिने रेक्टरबाईंच्या हातात दिली.’ ‘हिच्या लेकीच्या लग्नात तिने आहेर पाठवला, स्वतः आली नाही.’ ‘तिच्या नवऱ्याच्या दुखण्यात ही फिरकली नाही, कारण हिचंही घरी काही चालू होतं आणि ते तिला अजून माहीत नाही.’ पंधरापैकी सात-आठ ओळी सुचणार नाहीत. ओढून-ताणून लिहू नयेत, दोन मैत्रिणींमध्ये काहीच बाकी नसणं हेही खरंच असतं. सुचलेल्यांपैकी चार पडद्यावर न्यायच्या. बाकीच्या त्या त्या दोघी नटींनाच सांगून ठेवायच्या. संवादात येत नाहीत, नजरेत येतात.

मोठं गुपित एकच ठेवावं. समजा, ज्या मळ्यात भरीत पार्टी ठरली आहे तो मळा सहा जणींतल्याच एकीने, मळ्याच्या मालकिणीने, विकलेला आहे, आठ दिवसांनी ताबा द्यायचा आहे, आणि तिने कुणाला सांगितलेलं नाही. आता एक तक्ता करायचा. उभ्या रकान्यात सहा जणी, आडवे प्रसंग, आणि प्रत्येक घरात तीनपैकी एक शब्द: ‘माहीत’, ‘माहीत नाही’ किंवा ‘चुकीचं माहीत’. हशा तिसऱ्या शब्दात असतो. एकीने मळेवालीला वकिलासोबत कचेरीच्या आवारात पाहिलंय आणि तिने परस्पर ठरवून टाकलंय की हा घटस्फोट आहे. तिथून पुढे ती नवऱ्याचा विषय निघाला की घाईघाईने बोलणं वळवते, मळेवालीच्या ताटात जास्तीचं वाढते, आणि मळेवालीला वाटतं की हिला मळ्याचं कळलं. दोघी एकमेकींना सांभाळून घेत राहतात आणि दोघींचं बोलणं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल असतं. ज्या प्रसंगात तक्त्यातलं एकही घर बदलत नाही तो प्रसंग कितीही मजेशीर वाटला तरी काढायचा. एडिटवर तो तसाही निघतोच, फक्त तेव्हा त्यावर एका दिवसाचा खर्च झालेला असतो.

पानांचा ढोबळ हिशेब असा, की एक पान म्हणजे सुमारे एक मिनिट. शंभर-एकशेपाच पानांच्या वर जाऊ नये. घरातून निघायला बारा पानं पुरतात. इथे सगळ्यांचा हात सैल सुटतो. गॅस बंद केला का, दुधाची पिशवी, नवऱ्याच्या गोळ्या, ‘सासूबाईंना काय सांगितलं?’ हे सगळं गमतीचं आहे, पण सहा घरं दाखवायची नसतात. दोन दाखवावीत, बाकी चौघी गाडीत बसताना पिशव्यांवरून कळतात. एकीकडे चकचकीत चाकांची बॅग, दुसरीकडे बियाण्याच्या कंपनीची पिशवी.

व्हॉट्सॅपवरचे विनोद संवादात घेऊ नयेत. नवरा-बायकोचे, वजनाचे, तुपाचे, सगळे. प्रेक्षकाने ते सहा महिन्यांपूर्वी वाचून पुढे ढकललेले असतात. पाळी जाण्याच्या वयातल्या अंगातून येणाऱ्या वाफांवरही सरसकट विनोद करायची टूम आहे. तो एकदाच करावा, आणि योग्य जागी: तोरणमाळला डिसेंबरच्या रात्री पाच जणी शेकोटीला चिकटून बसल्या आहेत आणि सहावी शाल काढून वहीने वारा घेते आहे. कुणी काही बोलायची गरज नाही.

गाडीतली पंधरा पानं

सहलीच्या सिनेमात गाडीतले प्रसंग बारा ते पंधरा पानांचे होतात, आणि सगळ्यात जास्त रडवतात तेही हेच. सात जणांची गाडी घेतली तर सहा जणी आणि चालक. मैत्रिणींपैकी एकीने चालवायचं ठरवलं तर तिला चालवता-चालवता अभिनय करायला लावू नये, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. गाडी लो-लोडरवर, म्हणजे ओढून न्यायच्या बसक्या ट्रॉलीवर, चढवावी, किंवा पगारी चालकाचं पात्र ठेवावं आणि ते खऱ्या चालकालाच द्यावं. त्याचा फायदा वेगळाच आहे. आरशातली त्याची नजर ही एडिटरला कुठेही कापायला मिळालेली जागा असते. मात्र त्याच्या तोंडी विनोद देऊ नयेत. तो ऐकतो, एवढंच पुरे.

शेवटच्या ओळीत कोण बसणार, हे पटकथेत ठरलेलं असावं. मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागतं, ओकारी येते आणि पुढचं बोलणं नीट ऐकू येत नाही. म्हणजे ‘चुकीचं माहीत’ असणारी बाई तिथे बसवायची. पुढचे तीन शब्द ऐकून ती आपली गोष्ट रचते.

रेकॉर्डिंग करताना एसी बंद, काचा वर. जानेवारीत हे जमतं. एप्रिलमध्ये दहा मिनिटांत मेकअप गळतो आणि नट्या खरोखर चिडतात, जी चिडचिड पडद्यावर विनोदी दिसत नाही. कॅमेरा बाहेरून बॉनेटवर लावला तर काचेत आभाळ दिसतं. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, फिरवून ते बरंच कमी होतं, पण सुमारे दीड स्टॉप प्रकाश जातो, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश उरतो. रात्रीचे प्रसंग उभ्या गाडीत उरकावेत. दोन माणसं बाहेरून दिवे सरकवत न्यायला, एक जण बंपरवर हळूच वजन द्यायला. काचेपलीकडे फक्त अंधार आणि लांबचे दिवे असतील तर कुणाला शंकाही येत नाही.

बोली एक नाही

‘खान्देशी भाषा’ असं एक खोकं समजून संवाद लिहिले की जळगावचा प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांत हात बांधून बसतो. धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर या बाजूची अहिराणी वेगळी. यावल, रावेर, भुसावळकडची लेवा गणबोली वेगळी. बहिणाबाईंच्या कवितांची बोली या दुसऱ्या बाजूची, तरी तिला सरसकट अहिराणी म्हणायची सवय अनेकांना आहे. अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’, लेवा बोलीत ‘हाये’. ‘काय करतेस?’ हे अहिराणीत ‘काय करी राहिनी व?’, आणि लेवा बोलीत ‘करू राह्यली’च्या अंगाने जातं. सहा जणींमध्ये दोघी अहिराणीच्या, दोघी लेवा बोलीच्या, एक पुण्यात तीस वर्षं काढलेली आणि एक घरात प्रमाण मराठीच बोलणारी, अशी वाटणी ठेवली तर कोण कुणाच्या जवळची हे न सांगता कळतं.

प्रमाण मराठीत लिहून नंतर ‘अहिराणी करून घेणं’ हा प्रकार टाळावा. शब्द बदलतात, ठेका तोच राहतो. ‘खूप दिवसांनी भेटलीस गं’ची अक्षरं मोजून उपयोग नाही; तिकडची बाई ‘गंज दिनमा दखायनी व!’ म्हणते आणि त्यातल्या शेवटच्या ‘व’वर हात खांद्यावर पडलेला असतो. म्हणून त्या त्या गावच्या बाईकडून प्रसंग तोंडी सांगून घ्यावा, रेकॉर्ड करावा आणि त्यावरून लिहावा. पुण्याच्या मैत्रिणीची भाषा तीन ठिकाणी बदलली की पुरे: फोनवर प्रमाण, हसताना अर्धी-अर्धी, आणि भांडताना पूर्ण माहेरची. भांडणात ती कोणत्या वाक्याला घसरते ती जागा आधी ठरवून ठेवायची आणि त्याआधी एकदाही तिला बोलीत बोलू द्यायचं नाही.

तोरणमाळला मुक्काम असेल तर तिथला चहावाला अहिराणी बोलणार नाही. तो भाग भिल्ल आणि पावरा वस्तीचा, बोली पावरी. त्याला जळगावी विनोदी पात्र बनवणं हा अज्ञानाचा नमुना होईल, शिवाय तो विनोद खालच्या पट्टीचा.

बांगड्या

या सिनेमाचा सगळ्यात मोठा शत्रू कॅमेरा नाही, जनरेटरही नाही. काचेच्या बांगड्या. सहा जणींच्या हातात प्रत्येकी डझनभर बांगड्या, सगळ्या हातवारे करत बोलणाऱ्या, आणि साडीत लपवलेला माइक छातीशी. एक वाक्य धड मिळत नाही. उपाय साधे आहेत, पण पहिल्या दिवसापासून करावे लागतात. लांबच्या शॉटला खऱ्या बांगड्या. जवळच्या शॉटला प्लॅस्टिकच्या, किंवा दोन-दोन बांगड्यांमध्ये पारदर्शक टेपचा बारीक तुकडा. बांगड्यांचा आवाज नंतर वेगळा रेकॉर्ड करून हवा तिथेच घालायचा. तिथे तो विनोदालाही लागतो: भांडण संपल्यावर शांततेत एकीच्याच बांगड्या वाजतात.

मंगळसूत्राचे मणी माइकवर आपटतात. मंगळसूत्र ब्लाउजला आतून टाचून घ्यावं, किंवा माइक मणी पोचणार नाहीत अशा बाजूला, खांद्याच्या शिवणीत लपवावा. सिंथेटिक साडीचा पदर खरखरतो. सुती किंवा मऊ रेशीम बरं. वेशभूषाकाराने साड्या निवडताना साउंडच्या माणसाला बसवून घ्यावं, एरवी तो पाटीवर ‘पदर’ असं लिहून प्रत्येक टेक नापास करत बसतो.

सहा कॉलर माइक, एक बूम (लांब दांडीवरचा माइक), आणि किमान आठ ट्रॅक वेगवेगळे घेणारा रेकॉर्डर. प्रत्येकीचा आवाज स्वतंत्र ट्रॅकवर मिळाला नाही तर एकमेकींच्या बोलण्यावर बोलणं एडिटला वेगळं करता येत नाही. आणि एकमेकींच्या बोलण्यावर बोलणं हाच तर सिनेमा. तालमीत उलटं करायचं. पहिल्यांदा सगळ्या हव्या तशा बोलतात, तेव्हा कुठे वाक्य तुटतं त्याच्या खुणा पटकथेवर करायच्या. मग क्लोज-अप घेताना फक्त त्या खुणांपाशीच एकमेकींवर बोलायचं, बाकी ठिकाणी अर्धा श्वास थांबायचं. वाइड शॉटला हे बंधन नाही. दोन कॅमेरे समोरासमोर लावता आले तर आणखी चांगलं, कारण उत्स्फूर्त हसणं दुसऱ्या टेकला येत नाही.

मळ्यातला आवाज हा वेगळा विषय. थ्री-फेजची पाळी कधी आहे ते शेजारच्या शेतकऱ्यांना विचारून ठेवायचं. मोटारींना ऑटो स्विच असतात. लाइट आली की रात्री अकराला, नेमक्या रडण्याच्या वाक्याला, तीन विहिरींवरच्या मोटारी आपोआप सुरू होतात. केळीच्या बागेत वारा आला की पानांचा फडफडाट पावसासारखा ऐकू येतो. तो घालवता येत नाही. बागेतले प्रसंग सकाळी लवकर, वारा पडलेला असताना. प्रत्येक जागी शेवटी तीस सेकंद सगळ्यांनी गप्प उभं राहून तिथली शांतता रेकॉर्ड करायची. सहा नट्यांना तीस सेकंद गप्प उभं करणं हे दिग्दर्शकाचं खरं कसब.

भरीत आणि केक

सिनेमाचा मधला प्रसंग, साठाव्या पानाच्या आसपासचा, भरीत पार्टीचा. नऊ-दहा पानं, दोन रात्री. वांग्यांचा हंगाम थंडीचा, म्हणून शूटिंग डिसेंबर-जानेवारीतच. बामणोद बाजूची मोठी, फिकट हिरवी वांगी घ्यावीत. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय ते याच जातीला. जांभळी वांगी दिसली की इथला प्रेक्षक हसतो, आणि तो आपल्याला हवा तो हशा नसतो.

कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या यांचा जाळ उंच उठतो पण पाच-सात मिनिटांत बसतो. एका टेकला एक ढीग, म्हणून एकसारखे सहा-सात ढीग बाजूला रचून ठेवायचे. वांगी टोचून घ्यायची, न टोचलेलं वांगं आत वाफ धरून फुटतं आणि राख उडते. पडद्यावर वांग्याच्या चार अवस्था लागतात: कच्चं, अर्धं भाजलेलं, काळं पडलेलं, आणि बडगीत, म्हणजे लाकडी परातीसारख्या भांड्यात, ठेचलेलं. चारही आधी तयार ठेवली तर मधल्या पंधरा-वीस मिनिटांची वाट बघावी लागत नाही. जाळाकडे बघून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) आपोआप ठरवू दिला तर जाळ पांढरा दिसतो आणि चेहरे निळे. तो ३२०० केल्व्हिनवर बांधून ठेवावा. धूर कोणत्या बाजूला जातो त्याची नोंद ठेवावी. वाइडमध्ये धूर डावीकडे आणि क्लोजमध्ये उजवीकडे गेला की एडिटर फोन करतो.

आता खाणं. सहा ताटं, प्रत्येक ताटात दोन कळण्याच्या पुऱ्या, आठ टेक: ९६ पुऱ्या. ज्वारी-उडदाच्या या पुऱ्या दहा मिनिटांत मऊ पडतात, म्हणून तळणारी बाई सेटवरच, बूमपासून लांब. ज्या नटीला जास्त वाक्यं आहेत तिला खायला देऊ नये, तिला वाढायचं काम द्यावं. वाढणारी बाई बोलतेच, आणि तिच्या हाताला कारण मिळतं. बाकीच्यांनी वाइड शॉटमध्ये कोणत्या शब्दाला घास उचलला ते लक्षात ठेवायचं, जवळच्या शॉटला त्याच शब्दाला उचलायचा. भरतातली मिरची निम्मी करावी. सातव्या टेकला डोळ्यांत आलेलं पाणी अभिनयाचं आहे की मिरचीचं हे कुणालाच सांगता येत नाही.

जमिनीवरच्या पंगतीत कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आला पाहिजे, म्हणजे छोट्या पायांचा ट्रायपॉड लागतो. उभ्या माणसाच्या उंचीवरून बसलेल्या सहा बायकांचं चित्र घेतलं तर फक्त भांग दिसतात. पंगत गोल न करता घोड्याच्या नालासारखी ठेवली तर कोण कुणाकडे बघतं याचा गोंधळ होत नाही. कॅमेरा उघड्या बाजूनेच हिंडतो.

केक हा त्याच रात्रीचा दुसरा डोकेदुखीचा भाग. फ्रेश क्रीमचा केक दिव्यांखाली वीस-पंचवीस मिनिटांत खचायला लागतो. थर्माकोलचा साचा, त्यावर वनस्पती तुपातलं घट्ट आयसिंग, आणि कापायच्या बाजूला एकच खरा तुकडा बसवलेला, असा करून घ्यावा. पन्नास मेणबत्त्या लावायचा मोह होतो. पहिली ते पन्नासावी पेटेपर्यंत पहिली अर्धी झालेली असते, आणि प्रत्येक टेकला नव्या पन्नास. ‘५’ आणि ‘०’ अशा दोन आकड्यांच्या मेणबत्त्या घ्याव्यात. त्यातला शून्य वाऱ्याने आधी विझतो आणि पाच वर्षांची झाली म्हणून एक विनोदही फुकट मिळतो. झाडावरच्या रंगीत एलईडी माळा कॅमेऱ्यात लुकलुकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २४ फ्रेम घेताना शटर १७२.८ अंशावर, म्हणजे एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर, ठेवलं की बहुतेक माळा शांत होतात. स्वस्त माळा तरीही नाचतात, त्या आदल्या दिवशी तपासाव्यात.

बकरी केक खाते असा प्रसंग हमखास सुचतो. प्राण्याला कामाला लावायचं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगआधी लागते. तेवढा वेळ नसेल तर अर्धा केक आणि जाणारी लेंड्यांची रांग दाखवावी, जास्त हसू येतं.

गाणी आणि मिश्री

वाढदिवसाचं ते सर्वश्रुत इंग्रजी गाणं बिनधास्त वापरता येतं. चाल पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या बहिणींची, १८९३ मध्ये छापलेली. अमेरिकेत त्याच्या हक्कांचा दावा २०१५ च्या निकालात टिकला नाही, आणि आपल्याकडे कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं मोजली तरी पॅटी हिल १९४६ मध्ये गेल्या. गाडीतल्या अंताक्षरीचं मात्र तसं नाही. सिनेमातल्या गाण्याच्या दोन ओळी नटीने बेसूर गुणगुणल्या तरी हक्क विकत घ्यावे लागतात. रेकॉर्डिंग जुनं असलं तरी गीतकार-संगीतकारांचे हक्क चालू असू शकतात. चार गाण्यांच्या अंताक्षरीत एका दिवसाच्या शूटिंगचे पैसे जाऊ शकतात.

त्यापेक्षा गुलाबाई. या वयाच्या बायका लहानपणी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीगल्लीत गुलाबाईची गाणी म्हणत हिंडलेल्या असतात. गाणी पारंपरिक, चाल सगळ्यांच्या तोंडात, आणि शेवटी डबा वाजवून खाऊ ओळखायचा खेळ. वाढदिवसाची भेट याच खेळाने उघडावी. डबा हलवायचा, वास घ्यायचा, ‘गोड का तिखट?’ विचारायचं. मळ्याच्या विक्रीचे कागद त्या डब्यात असतील तर प्रेक्षकाला ते आधी ठाऊक असावं, पाच जणींना नसावं. ध्वनिफितीवरून एखाद्या गायिकेने गायलेलं रूप उचलू नये, त्या मांडणीचे हक्क वेगळे असतात. गावातल्या आजीकडून शिकावं.

एखाद्या मैत्रिणीला मिश्रीची सवय दाखवायचा विचार असेल तर थांबा. तंबाखूचा पदार्थ पडद्यावर दिसला की सुरुवातीला आणि मध्यंतरात आरोग्याचे संदेश, आणि त्या दृश्यभर खाली ठळक इशारा. हळव्या संवादाखाली ‘तंबाखूमुळे कर्करोग होतो’ असं वाचत कुणाला हसू येत नाही, रडूही नाही.

ऊन आणि डोंगर

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खान्देशात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. सावली पायाखाली जाते. डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात, आणि पन्नाशीच्या नटीचं वय पंधरा वर्षांनी वाढतं. डिसेंबरात सूर्य दिवसभर तिरका, अंगावर घेता येतो, पण दिवस अकरा तासांचाही नाही आणि सहाच्या आत मावळतो. दुपारचं जेवण दीड तास चाललं तर एक प्रसंग गेलाच समजा. केळीच्या बागेत उलटी तऱ्हा. आत सावली आणि सगळ्या बाजूंनी हिरवा उजेड चेहऱ्यावर. गोऱ्या नटीची कावीळ दिसते. चेहऱ्याजवळ पांढरा रिफ्लेक्टर धरावा आणि दिव्यावर मजेंटा जेल (रंगीत पारदर्शक कागद), नंतर रंग दुरुस्त करताना सोपं जातं.

दुसऱ्या दिवसाला तोरणमाळ उत्तम, फार उत्तम. सातपुड्यात साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची, यशवंत तलाव, सीताखाई, आणि शहाद्याहून सुमारे ५५ किलोमीटरचा घाट. ‘सात पायरी’च्या वळणांवर मोठा जनरेटर व्हॅन चढवताना जो वेळ जातो तो वेळापत्रकात लिहून ठेवावा. डिझेल, बॅटऱ्या, औषधं शहाद्यालाच भरून घ्यावीत. मोबाइलला रेंज भरवशाची नाही. कथेला हे फायद्याचं, कारण सहा नवऱ्यांचे फोन थांबतात. युनिटला मात्र उद्याचं वेळापत्रक कागदावर छापून द्यावं लागतं. शूट केलेला डेटा रोज रात्री तीन ठिकाणी उतरवायचा, त्यातली एक डिस्क वेगळ्या खोलीत. सीताखाईचा धबधबा दिसायला पावसाळा हवा आणि भरताला थंडी, हे दोन्ही एका सहलीत दाखवलं तर नंदुरबारचा प्रेक्षक सोडत नाही. चाळीसगावजवळची पाटणादेवी सुचेल, पण तो परिसर गौताळा अभयारण्यात येतो, वनविभागाची परवानगी लवकर मागावी. चोपड्याकडच्या उनपदेवच्या गरम पाण्याचा प्रसंग पहाटेच घ्यावा, उजाडलं की गोमुखाशी गर्दी होते. आणि लेन्स आधी त्या वाफेच्या हवेत दहा मिनिटं ठेवावी, नाहीतर काच धुरकटते.

कापताना

एडिटमध्ये पहिली चूक होते ती बोलणाऱ्या बाईवरच राहण्याची. सहा जणींच्या प्रसंगात विनोद ऐकणाऱ्या बाईच्या तोंडावर असतो. ‘चुकीचं माहीत’ असणारीचा शॉट पहिल्या कटपासून जवळ ठेवावा. दुसरी चूक म्हणजे हशासाठी जागा न ठेवणं. एकट्याने हेडफोन लावून कापताना सगळं झटपट बरं वाटतं. हॉलमध्ये पहिल्या विनोदाचा हशा पुढची दोन वाक्यं गिळतो, आणि त्यातलं एखादं गुपिताचं असतं.

म्हणून कच्चा कट चाळीस-पन्नास बायकांना दाखवावा, एकदा अमळनेरला आणि एकदा भुसावळला, कारण बोलीवरचा हशा दोन्हीकडे वेगळ्या ठिकाणी येतो. हॉलमध्ये मागे एक रेकॉर्डर ठेवून त्यांचा आवाज घ्यायचा आणि तो टाइमलाइनवर सिनेमाखाली बसवायचा. हशा कुठे सुरू होतो, किती सेकंद टिकतो, कुठे नुसती कुजबुज होते, सगळं डोळ्यांनी दिसतं. जिथे हशा एक सेकंद उशिरा आला तिथे शब्द कळलेला नसतो. तिथे बूमचा ट्रॅक कमी करून तिच्या कॉलर माइकचा वर घ्यायचा आणि पुन्हा बघायचं. मुंबई-पुण्यासाठी खाली प्रमाण मराठी ओळी द्याव्याच लागतात. त्या वाक्य संपल्यावर आणू नयेत, वाक्यासोबत आणाव्यात, पण गमतीचा शब्द ओळीच्या शेवटी येईल अशा तोडून. नाहीतर पुण्याचा प्रेक्षक वाचून आधी हसतो आणि नटी अजून बोलतच असते.